हळदीचे पाय

माणसाला चाक माहीत नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका बांधाकडेला प्राण्यांची आठ-दहा घरं होती आणि मधून एकच अरुंद गल्ली. रोज दुपारी तिथून कुणीतरी सुसाट जायचं. धूळ इतकी उडायची, की कोण गेलं ते कळायचंच नाही.

एक दिवस दाराशी दाणे टिपणारं खैरी कोंबडीचं पिल्लू त्या धावणाऱ्याच्या धडकेने उडालं. पाय मोडला. सगळ्यांत जास्त भडकला तो ससा. "आपल्यातलं कोण असं करेल? ही बाहेरची रानडुकरं! धरा त्यांना!"

दुसऱ्या दिवशी खारीने गल्लीच्या तोंडाशी ओली हळद सारवून ठेवली.

दुपारी पुन्हा धूळ उठली. सगळे बाहेर धावले. ससाही दारात येऊन धापा टाकत ओरडला, "सापडला का तो?"

सगळे त्याच्या पायांकडे बघत होते. त्यानेही खाली पाहिलं. चारही पाय पिवळेधमक.

तो पुटपुटला, "मी तर नुसता घरी येत होतो... काल पायाला काहीतरी लागलं खरं. मला ढेकूळ वाटलं."

खैरीने पिल्लाला पंखाखाली ओढलं.

"ढेकूळ ओरडतं का हो, भावोजी?"