राजाच्या आंब्याची उंची

गजसेन महाराजांच्या आंब्यापेक्षा भिवरीची शिवण उंच वाढली आणि सगळ्या डोंगरावर संक्रांत आली!

दर पावसाळ्यात घाटावरच्या वाड्यांतली माणसं राजाच्या बोडक्या डोंगरावर झाडं लावायला येत. पायथ्याशी खोपी बांधून राहत आणि दसऱ्याच्या आधी घरी परतत. यंदा महाराजांनीही एक आंबा लावला होता. सनई-चौघडा लावून, छत्रीखाली उभं राहून, चांदीच्या कुंडीसकट! जागा पायथ्याची निवडली, कारण पालखी तिथवरच जायची. पाऊस सरत आला तरी आंबा वीतभरच राहिला, उलट पिवळा पडला. शेजारी वाडीवरच्या भिवरीने लावलेलं शिवणीचं झाड मात्र कमरेच्या वर गेलं.

आता, महाराज उंचीच्या बाबतीत फार हळवे. त्यांच्यापेक्षा उंच माणसाने दरबारात वाकून उभं राहायचं, असा नियमच होता. प्रधानजी बिचारे ताडमाड. त्यांना वाकायची इतकी सवय झाली होती की घरी आले तरी ते सरळ होत नसत. शेवटी बायको म्हणायची, "अहो, मी काही महाराज नाही."

शिवण पाहून महाराजांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"झाडांना आमचा नियम कुणी सांगितला नाही वाटतं? ऐका! दसऱ्यापर्यंत या डोंगरावर आमच्या झाडाचा शेंडा सगळ्यांच्या वर दिसला पाहिजे. नाहीतर बाकीची झाडं मुळासकट उपटा. आणि तोवर लावणाऱ्यांपैकी एकानेही घरी जायचं नाही."

भिवरीला तर घरी जायची घाई होती. तिची लेक पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते. आई येईल म्हणून ती वाटेकडे डोळे लावून बसली होती.

दरबारी मंडळी कामाला लागली. राजवैद्यांनी आंब्याला केशरदूध पाजलं, त्याला मुंग्या लागल्या. ज्योतिषीबुवांनी आंब्याची पत्रिका मांडली आणि शनी वक्री असल्याचं सांगून दक्षिणा घेतली. आंबा आणखी पिवळा पडला.

शेवटी भिवरी पदर खोचून महाराजांसमोर उभी राहिली.

"म्हाराज, आज दिस मावळायच्या आत तुमचं झाड समद्यांच्या वर नेते. मग सोडाल आम्हांस्नी?"

"सोडू. आणि नाही जमलं तर?"

"तर पहिली शिवण मीच उपटीन. पण काम आमच्या रीतीनं व्हायला पायजे."

"कबूल!"

"मग सांगा, ह्यो आंबा लावला कुणी?"

"आम्ही."

"खड्डा?"

"तो माळ्याने खणला."

"माती कुणी लोटली? टाचेनं दाबली कुणी?"

महाराजांनी माळ्याकडे पाहिलं. माळ्याने जमिनीकडे पाहिलं.

"आमच्यात ज्यानं टाचेनं माती दाबली, झाड त्याचं," भिवरी म्हणाली. "तुमचं झाड अजून लागलंच न्हाई, म्हाराज. तुम्ही माळ्याच्या झाडाला केशरदूध पाजत होता."

माळी मागच्या मागे सटकला. भिवरीने कुदळ घालून कुंडी वर काढली आणि रोप अलगद सोडवलं. बाहेर पडायला वाट नसल्याने आतल्या आत मुळांचं भेंडोळं झालं होतं.

"चांदी कमी पडली की काय?" महाराजांनी विचारलं.

"जास्त झाली. मुळाला माती लागती."

तिने मुळं मोकळी केली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि रोप महाराजांच्या कडेवर दिलं. स्वतः कुदळ खांद्यावर टाकून ती डोंगर चढू लागली. महाराज मागे, महाराजांच्या मागे अख्खा दरबार. चिखलात महाराजांचा एक जोडा गेला, थोड्या वेळाने दुसराही गेला. वाटेत झरा लागला तशी भिवरीने घागर भरून त्यांच्या खांद्यावर ठेवली.

"लावील त्यानंच पहिली घागर घालायची, अशी रीत हाय."

महाराज धापा टाकू लागले. प्रधानजी लगबगीने घागर घ्यायला धावले.

"राहू द्या, प्रधानजी," भिवरी म्हणाली. "झाड तुमचं झालं, आणि म्हाराजांच्या वर गेलं म्हंजे?"

विस्तवाला हात लागावा तसे प्रधानजी मागे सरले.

डोंगराच्या अगदी माथ्यावर भिवरी थांबली. महाराजांनी खड्डा खणला, रोप ठेवलं, माती लोटली, टाचेने दाबली आणि घागर ओतली. हाताला फोड आले होते, मुंडासं मानेवर आलं होतं. रोपाकडे पाहून ते खवळले.

"हे तर अजून वीतभरच आहे!"

"जरा खाली बघा, म्हाराज. एका तरी झाडाचा शेंडा ह्याच्या वर दिसतो का?"

महाराजांनी खाली पाहिलं. शिवण, करंज, आवळे, सगळी उतारावर, पार खाली. भिवरीची शिवण तर शोधूनही सापडेना.

"आणि तुझी शिवण उद्या ताडाएवढी झाली तर?"

"तरी तिला डोंगर चढावा लागंल. झाडं चढत न्हाईत, म्हाराज. तुमच्यावाणी चढणारा एखादाच."

महाराजांनी पुन्हा खाली पाहिलं. उतारावर दरबार कमरेत वाकून धापा टाकत उभा होता. पण आज कुणी वाकलं काय आणि ताठ झालं काय, एकाचंही डोकं महाराजांच्या गुडघ्याच्या वर येत नव्हतं! महाराज आधी गालात हसले, मग पोट धरून हसू लागले.

"प्रधानजी, सरळ उभे राहा!"

प्रधानजी कडाकडा हाडं वाजवत सरळ झाले. त्यांची उंची पाहून दरबार चकित झाला.

त्याच संध्याकाळी सगळ्यांना घरी जायची मोकळीक मिळाली. भिवरीला महाराजांनी स्वतःची पालखी दिली आणि वर चांदीची कुंडीही दिली.

"नातवंडाला वाळे कर," ते म्हणाले.

"करते. पण पालखी मी नेली तर तुम्ही राजवाड्यात कसं जाणार?"

"चालत," महाराज म्हणाले आणि चिखलाच्या पायांकडे बघून पुन्हा हसत सुटले.