बोक्याच्या होडीचे इंजिन

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या तिवरांच्या जंगलात एक बोका राहत असे. मुलांनो, बोक्याला मासे आवडतात हे तुम्हाला सांगायला नको, आणि पाणी आवडत नाही हेही सांगायला नको. आता या दोन्ही गोष्टी सांभाळून पोट भरायचे, तर होडी हवीच. बोक्याकडे एक लहानशी, नीटस होडी होती. तो ती वल्ही मारून चालवी, आणि वल्ही मारताना आपली शेपटी पाण्याला लागणार नाही याची फार काळजी घेई.

त्या जंगलाची एक रीत होती. खाडीच्या तोंडाशी पाण्यात लाकडी खुंट रोवलेले होते. खुंटाला जाळे बांधायचे, म्हणजे ओहोटीच्या पाण्याबरोबर मासळी आपसूक जाळ्यात येई. पावसाळा सरला, की एका ठरलेल्या सकाळी बगळा काठावरून आरोळी ठोकी आणि सगळ्या होड्या एकदम सुटत. ज्या खुंटाला जो आधी आपला दोर बांधील, तो खुंट वर्षभर त्याचा. मग त्यावर भांडण नाही की रुसवेफुगवे नाहीत. सगळ्यांत चांगला खुंट अगदी टोकाला होता. तिथे पाणी खोल आणि मासळी अमाप. गेल्या वर्षी बोका वल्ही मारून मारून घामाघूम झाला आणि त्याच्या वाट्याला आला चिखलातला खुंट. वर्षभर जाळ्यात काय, तर शेवाळ आणि काटक्या! घरात पिल्ले वाढत्या अंगाची. त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. यंदा टोकाचा खुंट मिळाला नाही, तर पिल्लांचे काही खरे नव्हते.

म्हणून बोक्याने ठरवले, की यंदा होडीला इंजिन लावायचे. खाडीकाठी एक मुंगूस इंजिनांचे दुकान चालवीत असे. बोका तिथे गेला आणि आत पाऊल टाकल्याबरोबर म्हणाला, “मुंगूसभाऊ, तुझ्याकडचं सगळ्यांत मोठं इंजिन काढ.”

“तुझी होडी केवढी?” मुंगसाने विचारले.

“होडीचं सोड रे. इंजिन मोठं हवं.”

मुंगसाने खांदे उडवले आणि एक भले थोरले इंजिन ओढत ओढत बाहेर आणले. काळेभोर, चकचकीत, आणि त्याचा पंखा तर बोक्याच्या डोक्याएवढा. बोक्याने हरखून त्यावर पंजा फिरवला. मुंगूस म्हणाले, “घ्यायच्या आधी लावून बघ. न बघता घेतलेलं मी परत घेत नाही.”

दोघांनी मिळून ते इंजिन होडीच्या मागच्या फळीला लटकवले. लटकवताक्षणी होडी मागून अशी बसली, की होडीचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, पाण्याबाहेर आली. बोक्याने तिकडे काणाडोळा केला. त्याने दोरी ओढली, मूठ पिळली, आणि इंजिन जे काही डरकाळले! होडीची नाळ थेट आभाळाकडे. बोक्याला पुढचे काही दिसेना. मागून पाणी आत आले, त्याच्या शेपटीला लागले, मग पाठीला लागले. “अगं आई गं!” करत त्याने कशीबशी होडी काठाला आणली आणि उडी मारून एका खडकावर जाऊन बसला. अंगावरचा केस न् केस उभा होता.

हे सगळे काठावर उभा राहून एक कोल्हा बघत होता. त्याची होडीही बोक्याच्या होडीएवढीच होती, पण ऐट मात्र जहाजाची. तो हसून हसून लोळला. “बोकोबा, मोठं इंजिन चालवायला छातीही मोठी लागते. तुम्ही आपली वल्हीच मारा. मुंगूसभाऊ, हे इंजिन मला बांधून द्या. टोकाचा खुंट यंदा माझा!” असे म्हणून कोल्ह्याने ते इंजिन उचलून नेले. बोक्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

भीती बसली, की मन एकदम दुसऱ्या टोकाला पळते. बोक्याचेही तेच झाले. तो मुंगसाला म्हणाला, “मला नको बाबा मोठं. अगदी छोटं, गरीब स्वभावाचं इंजिन दे.” मुंगसाने एक एवढेसे इंजिन दिले. रिकाम्या होडीत एकटा बसून बोक्याने काठाकाठाने एक फेरी मारली. होडी कशी छान, अलगद चालली! आवाज नाही, धक्का नाही, शेपटी कोरडी. बोका खूश होऊन घरी गेला आणि आपल्या बायकोला, मांजरीला, सांगू लागला, “अगं, मिळालं बघ मनासारखं.”

मांजर पिल्लांना चाटत होती. तिने मान वर करून विचारले, “अहो, होडीत जाळं होतं का?”

“नाही.”

“नांगर? दोरखंड?”

“अगं, ते कशाला? नुसती फेरी तर मारायची होती.”

“आणि येताना मासळी काय तुम्ही डोक्यावर घेऊन येणार? रिकाम्या होडीला काय, मी फुंकर घातली तरी ती चालेल! उद्या मी येते तुमच्याबरोबर, आणि ऐन ओहोटीला जाऊ.”

दुसऱ्या दिवशी तिने पिल्लांना काठावर बसवले आणि होडी भरायला घेतली. ओले जाळे टाकले, नांगर टाकला, दोरखंडाची वेटोळी टाकली, मासळीऐवजी टोपल्या भरून दगड ठेवले, आणि वर स्वतः जाऊन बसली. ती काही नाजूक मांजर नव्हती. बोक्याने ओहोटीच्या उलट दिशेला तोंड करून इंजिन सुरू केले. इंजिन बिचारे जिवाच्या आकांताने घुरघुरले. पण पाण्याचा ओढा त्याच्यापेक्षा जबर. काठावरचे तिवराचे झाड मागे जाण्याऐवजी पुढे पुढे जाऊ लागले, म्हणजे होडीच हळूहळू समुद्राकडे वाहत निघाली होती! शेवटी दोघांनी वल्ही हाणून काठ गाठला. पिल्लांना वाटले हा खेळ आहे, ती टाळ्या पिटत होती.

बोका हिरमुसला होऊन मुंगसाकडे गेला. “मोठं बुडवतं, छोटं वाहवतं. आता मी करू तरी काय?”

“आता विचारलंस, तर सांगतो,” मुंगूस म्हणाले. “होडीची मागची फळी बघ. किती वजन पेलेल, ते होडी बांधणाऱ्या सुताराने त्या फळीच्या जाडीत ठरवून ठेवलंय. त्याच्या वर जायचं नाही. आणि ओझं किती ओढायचं, ते तुझ्या घरधनिणीने होडी भरून दाखवलं, मी दुकानातून पाहिलं. त्याच्या खाली यायचं नाही. या दोहोंच्या मधलं इंजिन तुझं.”

“मग हे त्या दिवशीच का नाही सांगितलंस?”

“मी होडी केवढी म्हणून विचारलं होतं. तू म्हणालास, होडीचं सोड.”

बोक्याने कान पाडले. मुंगसाने मागच्या फळीला हात लावून पाहिला, अंगठ्याने जाडी मोजली आणि आतून एक इंजिन आणले. दिसायला अगदी साधे, त्याच्याकडे वळून कोणी पाहिले नसते. पण ते लावल्यावर होडी सपाट राहिली. जाळे, नांगर, दगड आणि मांजर एवढे सगळे घेऊन ती ओहोटी कापत संथपणे, पण न थांबता पुढे गेली. या वेळी तिवराचे झाड मागे गेले.

ठरलेली सकाळ उजाडली. ओहोटी जोरात लागली होती. बगळ्याने आरोळी ठोकली आणि सगळ्या होड्या सुटल्या. कोल्ह्याचे इंजिन गरजले आणि त्याची होडी फेसाचा डोंगर मागे टाकत सुसाट निघाली. बोका मागे पडला. त्याच्या मनात आले, ‘गेला खुंट! आता पिल्लांना काय सांगू?’ तरी त्याने मूठ सोडली नाही. वल्ही मारणारे त्याच्याही मागे होते.

कोल्हा टोकाच्या खुंटाशी सगळ्यांच्या आधी पोचला यात शंका नाही. पण मुलांनो, खुंटाला दोर बांधायचा म्हणजे थांबायला हवे. कोल्ह्याने एकदम इंजिन बंद केले. होडी पळत होती तोवर तिने उठवलेली लाट मागे मागे येत होती. होडी थांबली, लाट कशाला थांबेल? ती आली आणि जड इंजिनाने आधीच खाली दबलेल्या मागच्या फळीवरून सरळ आत शिरली. कोल्हा हातात दोर घेऊन उभा होता, तो तसाच पाण्यात गेला. होडी इंजिनासकट तळाला, आणि ओहोटी कोल्ह्याला ओढत निघाली समुद्राकडे.

“वाचवा! अहो बोकोबा, वाचवा!”

बोका तेव्हा खुंटाच्या अगदी जवळ आला होता. दोर त्याच्या पंजात होता. हात लांब केला असता, तर गाठ बसली असती. पण दोर बांधून होईपर्यंत कोल्हा कुठल्या कुठे वाहत गेला असता. मागे वल्हीवाल्यांच्या होड्या ओहोटीबरोबर वेगाने येत होत्या. बोक्याच्या डोळ्यांपुढे पिल्ले आली. त्याला रडू फुटेल असे वाटले. मग त्याने दोर नाळेकडे टाकला आणि खुंटाला बगल देऊन होडी कोल्ह्यामागे सोडली.

लाटांत एक ओले डोके वरखाली होत होते. बोक्याने कोल्ह्याला मानेच्या कातड्याला धरले आणि आत खेचले. दोघेही चिंब भिजले. “तुम्ही पुढे नाळेपाशी बसा,” बोका ओरडला, “म्हणजे होडी सपाट राहील. हलू नका!” आणि त्याने होडी वळवली.

आता समोर ओहोटी होती, होडीत ओले जाळे होते, नांगर होता, आणि पाणी पिऊन दुप्पट जड झालेला कोल्हा होता. पण हे ओझे बोक्याच्या इंजिनाला नवीन नव्हते. ते कुरकुरले नाही की दमले नाही. होडी वीत वीत करत खुंटाकडे सरकू लागली. पलीकडून पहिली वल्हीवाली होडी येत होती. खुंट दोघांच्या मध्ये होता. होडी टेकली, ती कोल्हा बसला होता त्या बाजूने. बोक्याला इंजिनाची मूठ सोडता येईना. सोडली असती, तर होडी पुन्हा वाहून गेली असती. आणि नाळेपाशी पडलेला दोर कोल्ह्याच्या हातात आला.

कोल्ह्याने खुंटाकडे पाहिले. मग मागे वळून बोक्याकडे पाहिले. “पहिला मीच पोचलो होतो,” तो हळूच म्हणाला.

“पोचलात,” बोका धापा टाकत म्हणाला, “पण तुम्हाला थांबता आलं नाही.”

कोल्ह्याने खुंटाला मिठी मारली, दोराचे दोन वेढे घातले आणि करकचून गाठ मारली. समोरून येणाऱ्या होडीला ऐकू जावे म्हणून तो मोठ्याने ओरडला, “टोकाचा खुंट बोक्याचा! दोर बोक्याचा आहे, मी फक्त गाठ मारली!”

तात्पर्य : आपली होडी पेलेल आणि आपले ओझे ओढेल, तेवढेच बळ आपल्या कामाचे, दुसऱ्याचे पाहून ते वाढवू नये आणि भिऊन कमीही करू नये.