ठिपकीची तीट

फार जुनी गोष्ट. दक्षिणेला, समुद्राला टेकलेल्या आभाळात, चार चांदण्यांचं एक घर होतं. त्यातली धाकटी ठिपकी तेवढी लखलखायची आणि तिच्या आईच्या जिवाला घोर लागायचा. खालून कुणी वर पाहिलं, की दृष्ट लागू नये म्हणून ती लेकीच्या गालाला काळोखाची तीट लावायची.

शेजारचा अगस्तीचा तारा हसायचा. "वहिनी, पोरीचं तोंड तरी दिसू द्या!"

"तुम्हाला काय कळणार, भावजी? तुम्हाला कुठे लेकरू आहे!"

एका संध्याकाळी एक नावाडी ठिपकीकडे बोट दाखवून म्हणाला, "केवढी चमकते!" आईनं घाबरून तिटेवर तीट लावली. मागे सरून बघते, तर ठिपकी नाहीच!

"अहो भावजी, माझी लेक कुणी नेली हो?"

अगस्तीही हबकला. "वहिनी, तुमचा हात बघा."

हात कोपरापर्यंत काळा होता. अंधारातून बारीक आवाज आला, "आई, मी इथंच आहे. मी का दिसत नाही तुला?"

तेव्हापासून आई पदरानं पुसतेच आहे. तिथं थोडंसं मिणमिणतं. पण नावाडी आता तिकडे बघत नाहीत.