बुडबुडरावांची पोहण्याची शिकवणी

नद्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची गोष्ट. बुडबुडराव पाणमांजर आपल्या दोन लेकींना काठावरच्या खडकावर बसवून पोहणं शिकवायचे. लेकींना सगळं तोंडपाठ झालं, पण पाण्याची भीती जाईना. मासे आईच आणायची.

एके दिवशी आई म्हणाली, "आजपासून ज्याचा मासा त्यानं धरायचा. अहो, पोरींना पाण्यात न्या."

"आधी शेपटीचा धडा पुरा होऊ दे," म्हणत बुडबुडरावांनी शेपटी फिरवून दाखवली आणि घसरून डोहात पडले.

"बाबा, शेपटी चुकतेय," थोरली काठावरून म्हणाली. पण बाबा गटांगळ्या खायला लागले, तशा दोघींनी उड्या टाकल्या आणि त्यांना ओढून काठाला आणलं. धाकटीनं येता येता मासाही धरला.

बुडबुडरावांनी ओल्या मिशा पिळल्या. "बघितलंस? शिकवावं तर असं."

"हो तर," बायको म्हणाली, "उद्यापासून त्या तुम्हाला शिकवतील. पाण्यात."