मातीच्या करंज्या

लहानांनो, थोरांनो, ऐका. फार जुन्या काळी घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात नाताळ पाळत. त्या धर्माचं एकही घर गावात नव्हतं. सण कोणी आणला, हेही कोणाला आठवत नव्हतं. रीत तेवढी उरली होती. ऐन थंडीतल्या त्या संध्याकाळी घरोघर ओटीवर पाट मांडायचा आणि पान वाढून ठेवायचं. येईल त्याने बसावं, जेवावं. तू कोण, कुठला, असं त्याला विचारायचं नाही.

तिथे एक म्हातारी राहत होती. एकुलत्या एका मुलाला ती एकदा भांडणात म्हणाली होती, "पुन्हा या उंबऱ्याला पाय लावू नकोस." तो गेला तो गेलाच.

म्हातारी मानी. तिने कधी निरोप धाडला नाही. पण नाताळाचं पान वाढताना ती मनाशी म्हणे, आज तो येऊ शकतो. आज त्याला मान खाली घालावी लागणार नाही, आणि मलाही.

वर्षं गेली. कोणी येईना. करंज्या गार होत, सकाळी कावळे नेत. मग गावाला शहाणपण सुचलं. "कशाला अन्नाची नासाडी?" असं म्हणून लोक पानावर मातीच्या करंज्या मांडू लागले. पुढे चढाओढ लागली. ज्याचं पान सर्वांत देखणं, त्याला चावडीवर पाटलांकडून लुगडं. म्हातारीचा हात कसबी. तिच्या करंज्यांवर तर तुपाची चकाकी दिसे.

एका वर्षी लुगडं तिला मिळालं. चावडीवरून ती घरी आली, तर शेजारचा लंगडा म्हातारा आपल्या ओटीवरून हसत ओरडला, "वहिनी, कोणी दाढीवाला भिकारडा तुमच्या पाटावर बसला होता! करंजी चावली की हो त्याने!"

"मग?"

"मग काय, थुंकला. मी म्हटलं, बाबा, त्या खायच्या नव्हेत, बघायच्या आहेत. तर विचारतो कसा, 'पाट तरी येणाऱ्यासाठी आहे ना?' म्हटलं, छे, आता कोण येतंय! उठला आणि गेला."

"नाव विचारलंत का, भावजी?"

"आजच्या दिवशी विचारतात होय?"

म्हातारीने दिवा खाली धरला. करंजीवर दातांची खूण होती. पुढच्या एका दाताची जागा मोकळी होती. पोरवयात याच ओटीवरून पडून तिच्या मुलाचा तो दात तुटला होता.

लुगडं तिथेच टाकून ती वेशीपर्यंत धावली. वाट रिकामी होती. तिने हाका मारल्या. डोंगराने त्या जशाच्या तशा परत केल्या.

पुढच्या नाताळापासून तिच्या पानावर खऱ्या करंज्या असत. पाटाशेजारी ती स्वतः बसून राही. मरेपर्यंत बसली. तो आला नाही.

तात्पर्य : येणाऱ्याच्या पोटात घास जात नसेल, तर तो सण नव्हे, नुसती आरास.