पडद्याकडे पाठ

शरयू टिपणीस बाईंनी तीस वर्षं मुलांसाठी मालिका केल्या, सिनेमे काढले. त्यांची एक रीत होती. सिनेमा तयार झाला की एखाद्या शाळेतली मुलं बोलवायची, आणि आपण पडद्याकडे पाठ करून त्यांचे चेहरे बघत बसायचं. ज्या प्रसंगाला मुलं "बाई, शू लागली" म्हणून उठतील, तो प्रसंग बिनदिक्कत कापायचा.

पुढे त्यांच्या निर्मितीसंस्थेवर गजेंद्र हटकर नावाचे नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी फर्मान सोडलं, "सिनेमाच्या आधी मुलांसाठी माझे चार शब्द हवेत. नाहीतर सिनेमा डब्यात!"

हे चार शब्द म्हणजे शिस्तीवरचं अकरा मिनिटांचं भाषण होतं.

"घालते की," बाई म्हणाल्या. "फक्त आधी मुलांना दाखवू. तुम्हीही बसा माझ्याशेजारी."

साहेब ऐटीत बसले. पडद्यावर "बालमित्रांनो" झालं, दोन मिनिटं गेली आणि पहिली करंगळी वर आली. मग रांगच लागली. भाषण संपलं तेव्हा सभागृहात बाई आणि साहेब दोघंच उरले होते. नंतर मुलं परतली, सिनेमा सुरू झाला आणि शेवटपर्यंत एकही मूल जागचं हललं नाही.

साहेब लालबुंद झाले. "म्हणजे आता माझं भाषण कापणार तुम्ही?"

"छे हो, साहेब! एक शब्द कापायची नाही," बाई म्हणाल्या. "फक्त सुरुवातीचं उचलून मधोमध ठेवते. मध्यंतराची पाटी लावायला नको!"