उसना विस्तव

एका राज्यात, मणिकंठ राजाच्या कारकिर्दीच्या बाराव्या वर्षी, पौषाच्या कडाक्यात, शाल्मली विणकरणीच्या घरात विस्तव टिकेना.

ते नगर उंच, अरुंद घरांचे. कमानी टोकदार, भिंती दगडी, दोन घरांत एक भिंत. खाली दुकान. मधल्या मजल्यावर चूल; तिथेच माग, तिथेच जेवण, तिथेच झोप. खिडक्यांना तेलात भिजवलेले कापड. धान्य माळ्यावर, दोरीने कप्पीवरून चढवलेले. चूल विझली तर शेजाऱ्याचा विस्तव आणावा आणि त्याची विझली तर त्याला द्यावा, ही नगराची रीत.

शाल्मलीने एकदा भिंतीपलीकडच्या विरोचन जादूगाराचा विस्तव आणला. पुढे त्याची चूल विझली. तो मागायला आला, तेव्हा तिने भिऊन कडी लावली. विरोचन थंड चुलीपुढे बसल्या बसल्या दगड झाला, आणि तिच्या घराला शाप लागला.

आता बाळंतीण लेकीच्या कुशीत नुकती जन्मलेली नात थंडीने निळी पडत होती.

शाल्मली खाली धावली. शेजारच्या दुकानाच्या फळीवरून रोट्या भाजणाऱ्या मेघवर्ण भटाऱ्याने भट्टीतले निखारे दिले.

"राजाचे शेले विणतेस, आणि चूल राखता येईना?"

"बोलणी मग ऐकेन, दादा. आधी दे."

चुलीत पडताच निखारे विझले.

समोरच्या घराचा वरचा मजला गल्लीवर इतका झुकलेला की हातोहात मीठ देता यावे. तिथून भानुमतीने लांब पळी पुढे केली.

"घे गं बाई, लवकर! माझी पेज उतू जातेय."

तोही निखारा चुलीत विझला.

खालून आणलेला विझतो, समोरून आणलेला विझतो. आता वरून आणून पाहावा, म्हणून ती माळ्यावर चढली आणि कप्पीची दोरी गल्लीत सोडली. गल्लीतल्या पहारेकऱ्याने आपल्या शेगडीतले होते नव्हते ते निखारे मडक्यात भरले आणि मडके दोरीला बांधले.

"ओढा, मावशी! आता माझ्यापाशी राखच उरली."

ती ओढू लागली. कप्पीवर साळुंकी बसली होती. ती बोलली,

"कुठे नेतेस?"

"माझ्या चुलीत."

"ज्याचा घेतलास, त्याची चूल भिंतीपलीकडे आहे."

शाल्मलीचे हात थांबले. "त्याला दिला तर माझी नात जाईल."

"जाईलही. मी पाखरू. तुमच्या रीती तुम्ही जाणा."

मग तिने दोरी सैल सोडली. मडके खाली उतरले, तीही जिना उतरली. मडके पोटाशी धरून ती त्या दारात शिरली, जिथे नगरातले कोणी पाऊल टाकत नसे.

वर विरोचन दगड होऊन बसला होता. मांडीवर धूळ, दाढीत कोळ्याचे जाळे. शाल्मलीने गुडघे टेकले, सगळे निखारे त्याच्या चुलीत ओतले, स्वतःसाठी एकही ठेवला नाही. फुंकर घातली. ज्वाळा उठली. मधली भिंत हळूहळू कोमट झाली. दगडाची बोटे हलली, डोळे उघडले.

"उशीर केलास, शेजारणी."

"केला, बाबा. भ्याले होते."

भिंतीपलीकडे बाळ मोठ्याने रडले. लेक ओरडली, "आई! आपली चूल पेटली!"

शाल्मलीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. विरोचनाने हात शेकले.

"फिटले," तो म्हणाला.